हलकेच दुमडा

याला सॅलड म्हणतात. पान एकही नाही त्यात.
पिस्त्याच्या पुडिंगची पूड, डबाबंद अननस रसासकट,
बोराएवढे मार्शमेलो, मूठभर अक्रोड
आणि फ्रीझरमधल्या गोड फेसाचा अख्खा डबा.
रंग म्हणाल तर आमच्या न्हाणीघराच्या
एकाहत्तर सालच्या फरशीचा.

डेलोरेस गेली मार्चमध्ये. जमीन दगड झाली होती,
पुरायला थांबावं लागलं.
आता ऑक्टोबर. बीटचे ट्रक रात्रंदिवस,
वळणावर एखादं बीट गडगडत पडतं,
कुणी उचलायला थांबत नाही.
चर्चमधून मार्लिसचा फोन:
"ऑर्व्हिल, तू नुसता ये. फार तर पाव आण."
पाव!
बेचाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला मी,
एका पौंडाची चूक नाही.
म्हटलं, हिरवं सॅलड आणतो.
पलीकडे जरा वेळ नुसती खरखर.

कार्ड सापडलं बेकिंग सोड्याच्या मागे.
तिचं तिरपं अक्षर, कोपऱ्यात पिवळा डाग,
आणि खाली दोनदा अधोरेखित:
ढवळू नका. हलकेच दुमडा.

दुमडणं मला ठाऊक आहे ते नकाशाचं, ताडपत्रीचं,
आणि दोरीवरून काढलेल्या चादरीचं.
दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे,
ती चालत यायची, मी चालत जायचो,
मध्ये बोटं भिडायची,
मग माझी टोकं काढून घेत म्हणायची,
"झालं. जा आता."

फेस दुमडताना समोरून कुणी येत नाही.
मी उलथनं घातलं कडेने, तळाशी नेलं,
वर आणलं, उलटं केलं,
जसा कोठारातला ओला गहू वर-खाली करायचो.
पांढरं हिरव्यात गेलं. हिरवं पांढऱ्यात.
कुठे संपलं कळेना, म्हणून थांबलो.

वाडग्याच्या बुडाला चिकटपट्टी, त्यावर तिचं नाव,
वाडगा परत घरी यावा म्हणून.
ती मी काढली नाही.

तळघरात लांब टेबल. तीन प्रकारचे बटाटे,
हॅम, नूडल्स, आणखी बटाटे.
मधोमध वाडग्याएवढी जागा मोकळी.
कुणी ठेवली होती, की तशीच राहिली होती,
मी विचारलं नाही. वाडगा ठेवला. बरोब्बर बसला.

मार्लिसने चमचाभर घेतलं. मग आर्डिथने, मग बर्निसने.
कागदी बश्या धरून तिघी गप्प.
"तिच्यासारखं नाही," बर्निस म्हणाली,
"पण आमच्यासारखंच आहे."
तेव्हा कळलं: कार्ड तिघींकडेही होतं.
वर्षानुवर्षं तिघींनी घरी, दार लावून, करून पाहिलं होतं.
तिने मागितल्याबरोबर दिलं होतं, हसत,
वळणदार अक्षरात,
आणि एक जिन्नस गाळून.

"मीठ," आर्डिथ म्हणाली.
"छे, लिंबू."
"मी लिंबू घालून पाहिलंय, बाई."

मी टोपी हातात घेऊन उभा.
आणि आठवली शनिवारची यादी,
चर्चच्या जेवणाआधीचा प्रत्येक शनिवार,
मीच जायचो दुकानात, मीच आणायचो
आंबट सायीचा छोटा डबा.
"कशाला?" म्हटलं तर "बटाट्यांना."
रविवारी आमच्याकडे बटाटे कधीच नसायचे.
बटाटे तर या सगळ्याजणी आणायच्या.

म्हणजे मलाही.
कार्ड घरातलं, तरी मलाही गाळून.

"ऑर्व्हिल, तुला तरी माहीत असेल?"
तिघींच्या तिन्ही चमच्यांची टोकं माझ्याकडे.
मी वाडग्यात पाहिलं. निम्मं संपलं होतं,
मार्शमेलो तेवढे कडेला उरलेले.

"मला काय माहीत," म्हटलं,
"मी नुसता दुमडणारा."

परतताना दुकान उघडं होतं.
गाडी थोडी सावकाश केली.
शेजारच्या सीटवर वाडगा, रिकामा,
कुणीतरी धुऊन दिलेला,
बुडाची पट्टी एका कडेने सुटलेली.
अंगठ्याने दाबून बसवली.